उपाशी हृदयाची खूण

छातीत कळ येऊन दवाखान्यात पोचलेल्या माणसाच्या रक्ताची आज जी तपासणी होते, तिचं कूळ शोधत मागे गेलं की पहिला पूर्वज भेटतो तो आंबलेल्या दुधात. 1780 साली कार्ल विल्हेल्म शीले या स्वीडनमधल्या औषधविक्यानं नासलेल्या दुधाच्या निवळीतून एक आम्ल वेगळं काढलं. पुढच्या पिढीत त्याच देशातल्या बर्झेलियसला तेच आम्ल मांसात सापडलं, आणि शिकारीत पळून पळून दमलेल्या हरणाच्या स्नायूत ते जास्त असतं, असं त्यानं नोंदवलं. हे लॅक्टिक आम्ल दमलेल्या अंगात करतं काय, हे मात्र पुढची शंभरेक वर्षं कोणाला धड मोजता आलं नाही.

अडचण मोजमापाचीच होती. स्नायू कापला, ठेचला, की त्या कापाकापीनंच त्यात आम्ल वाढायचं. मुळात किती होतं आणि आपण हात लावल्यामुळे किती झालं, याचा पत्ता लागेना. 1907 मध्ये केंब्रिजच्या वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी यावर तोड काढली. बेडकाचा स्नायू आधी चांगला गार करायचा, मग बर्फगार अल्कोहोलात टाकून तिथेच वाटायचा. त्यामुळे आतली रासायनिक उलाढाल जागच्या जागी थांबायची. अशा मोजणीत दिसलं की ऑक्सिजन न मिळणाऱ्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठत जातं, आणि त्याच स्नायूला पुन्हा ऑक्सिजनमध्ये ठेवलं तर ते ओसरतं. प्राणवायू तुटल्याची ही पहिली भरवशाची रासायनिक खूण. तिच्यात हृदयाचा संबंध अजून कुठेच नव्हता, सगळा कारभार बेडकाच्या पायाचा होता.

हृदयापर्यंत हे मोजमाप यायला आणखी चाळीस वर्षं गेली, कारण हृदयानं स्वतः वापरून सोडलेलं रक्त हातात येणार कसं? दंडाच्या शिरेत असते ती साऱ्या शरीराची सरमिसळ. हृदयाच्या स्नायूतून निघालेलं बरंचसं रक्त कोरोनरी सायनस नावाच्या शिरेतून परस्पर हृदयाच्याच उजव्या कप्प्यात रिकामं होतं. 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रिचर्ड बिंग आणि सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या या शिरेत बारीक नळी पोचवून रक्त काढलं. ते रक्त काळपट असतं. बाकीचे बहुतेक अवयव रक्तातल्या ऑक्सिजनचा थोडाच वाटा घेतात, हृदय मात्र निवांत असतानाही सत्तर टक्क्यांच्या आसपास ओढून घेतं. म्हणजे जिना चढताना गरज वाढली, तर त्याच रक्तातून आणखी ऑक्सिजन पिळून काढायला फारशी जागा उरलेली नसते. जास्त रक्तच यावं लागतं, आणि धमनी अरुंद झालेली असली की नेमकं तिथेच अडतं.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. निरोगी हृदय लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच रक्तातलं रूप, टाकत नाही, उलट खातं. पायांच्या स्नायूंनी टाकून दिलेलं लॅक्टेट त्याला इंधन म्हणून चालतं. त्यामुळे धमनीतल्या रक्तात लॅक्टेट जितकं असेल त्याहून कोरोनरी सायनसच्या रक्तात ते कमी भरायला हवं. उलट झालं, शिरेत जास्त भरलं, तर हृदयाचा कुठला तरी भाग उपाशी आहे हे नक्की. 1960च्या दशकात बॉस्टनमध्ये रिचर्ड गॉर्लिन यांच्या गटानं अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या, रुग्णांत हे पाहिलं. हृदयावर ताण आणायचा, आणि एक नमुना धमनीतून, एक कोरोनरी सायनसमधून असे जोडीनं घेत जायचे. छातीत दुखू लागलं की कित्येक रुग्णांत हिशोब उलटा व्हायचा. कालपर्यंत लॅक्टेट खाणारं हृदय ते बाहेर टाकू लागायचं. उपाशी हृदयाची इतकी सरळ खूण त्यानंतर पुन्हा मिळालेली नाही, असं माझं मत आहे.

पण ती चालणारी नव्हती. रात्री दोन वाजता घामानं थबथबलेल्या माणसाच्या हृदयात क्ष-किरणाखाली नळी घालून दोन जागचं रक्त घ्यायचं, आणि तेही दुखतंय तेवढ्यातच! शिवाय अडलेला तुकडा लहान असला, तर शेजारच्या धडधाकट स्नायूचं रक्त त्याच शिरेत मिसळून खूण बुडवून टाकायचं. संशोधनाच्या खोलीतून ही पद्धत वॉर्डात कधी आलीच नाही.

आता एक आकडा लक्षात ठेवावा लागेल, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. 1935 मध्ये क्लीव्हलंडला टेनंट आणि विगर्स यांनी कुत्र्याच्या हृदयाची धमनी बांधून पाहिलं, की रक्त तुटल्यावर त्या भागाचं आकुंचन एका मिनिटाच्या आत बंद पडतं. पुढे 1960 मध्ये शिकागोच्या रॉबर्ट जेनिंग्ज यांनी धमनी ठरावीक वेळ बांधली, मग सोडली, आणि काही दिवसांनी तो स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. साधारण वीस मिनिटांच्या आत सोडलेली असेल तर पेशी तगलेल्या दिसायच्या. त्यापुढे मेलेल्या पेशी सापडू लागायच्या आणि वेळ वाढेल तशा वाढत जायच्या. म्हणजे काम बंद पडतं मिनिटात, मरण यायला वीस मिनिटं लागतात. मधली जी फट आहे तीच खरी इस्किमिया, रक्तटंचाई. डॉक्टरला पकडायची असते ती ही फट, कारण अजून सगळं परत मिळण्याजोगं असतं.

रक्ततपासणीचा इतिहास मात्र फटीच्या पलीकडच्या काठावर सुरू झाला.

न्यूयॉर्कमध्ये 1954 साली ला ड्यू, रोब्लेव्स्की आणि आर्थर कारमेन यांचा एक छोटा लेख ‘सायन्स’मध्ये आला. हार्ट अटॅक आलेल्यांच्या रक्तात एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, प्रमाण चढतं, असं त्यात होतं. विचार साधा होता. हृदयाच्या पेशीत हे विकर भरपूर असतं, पेशी मेली की तिचं आवरण फाटतं आणि आतला माल रक्तात येतो. कारमेन यांनी ते मोजायची जी युक्ती काढली ती आजही प्रयोगशाळांच्या यंत्रांत चालते. नमुन्यात असं मिश्रण घालायचं की विकरानं काम केलं की एनएडीएच नावाचं द्रव्य खर्ची पडावं. हे द्रव्य 340 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा, अतिनील प्रकाश शोषतं. ते जसजसं संपतं तसतसा तो प्रकाश जास्त आरपार जाऊ लागतो आणि यंत्रावरचा शोषणाचा आकडा उतरत जातो. आकडा किती भरभर उतरतो, यावरून विकर किती ते कळतं.

या विकराचं तेव्हाचं नाव एसजीओटी. हो, तेच. आज कावीळ झाली, दारूचा संशय आला, क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या की जे ‘लिव्हर फंक्शन’ करून आणायला सांगतात, त्यातली एसजीओटी-एसजीपीटी या जोडीतली थोरली. आपल्या घराघरात ती यकृताची म्हणून ओळखली जाते. तिची नोकरी हृदयाच्या खात्यात लागली होती आणि तिथून तिला काढून टाकलं गेलं, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. काढण्याचं कारण उघड होतं. यकृत बिघडलं तरी ती चढते, दंडात इंजेक्शन दिलं तरी हलते, आणि अटॅकनंतर वर यायला सहा ते बारा तास घेते. पाठोपाठ आलेल्या एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज) या विकराचं रडगाणं जवळपास तेच. त्याचे पाच उपप्रकार निघाले, हृदयात पहिल्याचा भरणा जास्त असतो हे कळलं, म्हणून पहिला दुसऱ्यावर चढला की अटॅक असा आडाखा बसला. तो दिसायला दीड-दोन दिवस जायचे. तोवर रुग्ण एकतर सावरलेला असायचा, नाहीतर गेलेला.

एलडीएचच्याच गोतावळ्यातल्या विकरांचा एक उपयोग मात्र अजून टिकून आहे, आणि तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. जे रक्तात उतरलं ते पेशीत उरलं नसणार, हा तर्क उलटा लावला तर मेलेल्या स्नायूतली ही रिकामी जागा डोळ्यांना दाखवता यायला हवी. 1963 मध्ये नाखलास आणि श्निट्का यांनी ते करून दाखवलं. हृदयाचे आडवे काप काढायचे आणि टेट्राझोलियमच्या द्रावणात, शरीराइतक्या उबेत, थोडा वेळ बुडवून ठेवायचे. आज बहुतेक ठिकाणी वापरतात त्या टीटीसीच्या द्रावणाला स्वतःला रंग नसतो. काप ठेवल्यावर काही मिनिटांत स्नायूवर गुलाबी झाक येते आणि बघता बघता तो विटकरी लाल होतो, कारण त्या पेशींत डिहायड्रोजिनेज विकरं शाबूत असतात. जिथे स्नायू आधीच मेला होता तिथे रंग चढत नाही, फिकट पिवळसर डाग तसाच राहतो, आणि त्याची कड बोटानं दाखवता येईल इतकी स्पष्ट असते. साध्या नजरेला जो काप सारखा दिसत होता त्यात अटॅकचा नकाशा उमटतो.

पण माणूस कळ आल्यावर पाच-दहा मिनिटांत गेला असेल तर? मग सबंध काप लालच होतो. विकर गळून जायला काही तास लागतात, तेवढा वेळच मिळालेला नसतो. हृदय बंद पाडलं ते टंचाईनं, आणि मागे खूण उरली नाही. पोलीस पंचनाम्यातल्या अचानक मृत्यूंपुढे न्यायवैद्यकाचा डॉक्टर हात टेकतो तो इथे, आणि जिवंत रुग्णापुढे फिजिशियन अडतो तोही इथेच.

आता गोष्ट टोकियोला जाते. सेत्सुरो एबाशी हा स्नायूंवर काम करणारा औषधशास्त्रज्ञ. हृदयविकाराशी त्याचं देणंघेणं नव्हतं. 1959 मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्नायू झिजत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, रक्तातलं क्रिएटिन कायनेज खूप वाढलेलं असतं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ड्रेफ्यूस आणि शापिरा यांच्या गटानं हेच विकर हार्ट अटॅकमध्ये मोजलं. सीपीके म्हणून आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी बसलेली चाचणी ती हीच. त्यातला हृदयाला जवळचा भाग वेगळा काढून सीके-एमबी आली, आणि 1970 ते 1990 पर्यंत तिनंच राज्य केलं.

एबाशीचं खरं लक्ष वेगळीकडे होतं. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे, हे तो सांगत होता आणि मोठमोठे लोक ते मानायला तयार नव्हते. कॅल्शियमचा हुकूम स्नायूच्या धाग्यांना कोण कळवतो, हे शोधताना त्याला एक नवं प्रथिन सापडलं आणि 1965 मध्ये अयाको कोदामा यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यानं त्याला नाव दिलं, ट्रोपोनिन. पुढे ते एक नसून तिघांचं तिळं आहे असं ठरलं: सी, आय आणि टी. आज ज्या दोन चाचण्यांनी हृदयविकाराच्या निदानाचा अर्धशतकाचा इतिहास व्यापला, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस, आणि दोन्ही वेळा तो दुसरंच काहीतरी शोधत होता. वैद्यकाच्या इतिहासात अशी वंशावळ क्वचित सापडते.

ट्रोपोनिनची मेख अशी की हृदयातलं आय आणि टी हातापायातल्यापेक्षा वेगळ्या घडणीचं असतं. हृदयाच्या आयला तर सुमारे तीस अमिनो आम्लांची जादा शेपटी आहे. तेवढीच ओळखणारी प्रतिपिंडं बनवली की मग यकृत, मांडी, इंजेक्शन यांचा घोळ संपतो. 1987 मध्ये बर्मिंगहॅमच्या पीटर कमिन्स यांच्या गटानं ट्रोपोनिन आयची, आणि त्यानंतर लगेच हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन टीची मोजणी अटॅकच्या रुग्णांत करून दाखवली. टीच्या पहिल्या किटमध्ये हातापायातलं ट्रोपोनिनही थोडं मोजलं जायचं. ते पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालं.

1992 साली ख्रिश्चन हाम यांच्या गटानं एक अभ्यास छापला, त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. बसल्या जागी छातीत दुखणारे, पण तेव्हाच्या नियमानं अटॅक नसलेले 84 रुग्ण. त्यांतल्या 33 जणांच्या रक्तात ट्रोपोनिन टी सापडलं. या 33 पैकी 10 जणांना रुग्णालयातच अटॅक आला. ज्यांच्यात सापडलं नव्हतं त्या 51 पैकी फक्त एकाला. सीके-एमबीनं ज्यांना ‘काही नाही’ म्हटलं होतं, त्यांच्यातले कोण धोक्यात आहेत हे ट्रोपोनिन सांगत होतं. बारीक गाठीचे कण सुटून हृदयाचे चिमूटभर तुकडे मरत होते आणि जुन्या चाचणीला ते दिसत नव्हते.

मग व्याख्याच बदलली. 2000 साली युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून हार्ट अटॅकची नवी व्याख्या केली आणि ट्रोपोनिनला मध्यभागी बसवलं. निरोगी शंभरांतल्या नव्व्याण्णवांचं जेवढं असतं त्यावर गेलं, चढ-उतार दिसला आणि सोबत टंचाईची लक्षणं किंवा ईसीजीतला बदल असला, की अटॅक. कालचा अंजायना आजचा अटॅक ठरला. माणूस तोच, धमनी तीच, कागदावरचं नाव बदललं. 2018च्या चौथ्या आवृत्तीनं आणखी एक भेद ठळक केला: ट्रोपोनिन चढलं म्हणजे हृदयाला इजा झाली एवढंच खरं, ती टंचाईनंच झाली असं नाही. मूत्रपिंडं निकामी असली, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, फुप्फुसात गाठ गेली, किंवा माणूस मॅरेथॉन पळून आला तरी ते चढू शकतं.

इथे माझी तक्रार आहे, आणि ती चाचणीविरुद्ध नाही. विचारायचं होतं ‘स्नायू उपाशी आहे का?’ आणि उत्तर मिळत गेलं ‘स्नायू मेला आहे का?’ या प्रश्नाचं. उत्तर दर दशकाला जास्त नेमकं होत गेलं, तसा पहिला प्रश्न बाजूला पडला.

तो थेट विचारण्याचा एक प्रयत्न झाला. 2000 च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या डेव्हिड बार-ओर यांनी रक्तातल्या नेहमीच्या अल्ब्युमिनकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. अल्ब्युमिनच्या एका टोकाला कोबाल्टसारखे धातू चिकटतात. टंचाईच्या भागातून फिरून आलेल्या अल्ब्युमिनचं हे टोक बिघडतं, कोबाल्ट नीट धरत नाही. चाचणी कमालीची साधी: रक्तद्रवात ठरावीक कोबाल्ट घालायचं, आणि जे न चिकटता मोकळं राहील त्याच्याशी तपकिरी रंग देणारं रसायन मिसळायचं. रंग गडद, तर टंचाई जास्त. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवून धमनी क्षणभर बंद केली की ही खूण काही मिनिटांतच वर यायची, पेशी मेलेली नसतानाही. 2003 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिला परवानगीही दिली.

पण ती रुजली नाही. आतडं, पाय, मेंदू, कुठेही रक्त कमी पडलं तरी अल्ब्युमिन बिघडायचं, यकृताच्या आजारातही बिघडायचं, आणि रक्तात अल्ब्युमिनच कमी असलं तर आकडा भलताच यायचा. टंचाई कळायची, पण कोणाची ते कळायचं नाही. ट्रोपोनिनचं बरोबर उलट.

इकडे ट्रोपोनिन मोजणारी यंत्रं इतकी बारीक झाली, की निरोगी माणसांतही निम्म्याहून अधिक जणांत ते मोजता यावं, ही आज अतिसंवेदनशील चाचणीची अटच आहे. 2021 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी धमनीत फुगा जेमतेम अर्ध्या ते दीड मिनिटापर्यंत फुगवून ठेवला आणि पुढचे काही तास रक्त तपासलं. दीड मिनिटाच्या टंचाईनंतरही ट्रोपोनिन चढलेलं सापडलं. जेनिंग्जच्या वीस मिनिटांच्या कितीतरी आधी. आता एखाददुसरी पेशी मरते म्हणून ते येतं, की जिवंत पेशीही ताणाखाली थोडं सोडून देते, यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे.

वाद मिटेपर्यंत वाचकांनी आपल्यापुरत्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ट्रोपोनिनचा कागद हातात आला की आधी एकक बघा. 14 नॅनोग्रॅम प्रति लिटर आणि 0.014 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकच, उगाच घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका. तालुक्याच्या दवाखान्यात कार्डावर रक्ताचे थेंब टाकून ‘ट्रॉप-टी’ करतात, त्यात पहिल्या दोन-तीन तासांत काहीच न दिसणं अगदी शक्य आहे, त्यामुळे दुसरी तपासणी होईपर्यंत घरी जायचा हट्ट धरू नका. छातीवर दडपण येऊन घाम फुटला तर ओवा-सोडा घेऊन पडून राहू नका, 108 ला फोन करा आणि पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी मागून घ्या. तो रक्ताची वाट बघत नाही. आणि दोन्ही ट्रोपोनिन चांगली आली, पण चढावर चालताना छाती भरून येते आणि थांबलं की सुटते, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ‘हृदय उपाशी आहे का?’ याचं भरवशाचं उत्तर देणारी रक्ततपासणी अजून निघालेली नाही.